प्रतिवादी मिळून आला नाही

"साहेब, हा दावा आम्हाला एवढ्यात जिंकायचा नाही," मुजावर वकील म्हणाले.

निमकर साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून त्यांनी बारा वर्षांत नाना तऱ्हेचे अर्ज ऐकले होते. हा नवीन होता.

"वकीलसाहेब, पुन्हा एकदा म्हणा."

"प्रतिवादीवर समन्स बजावायला आणखी मुदत मिळावी, असा वादीचा अर्ज आहे."

"बजावणी झालेली आहे. प्रतिवादी सापडत नाही म्हणून मीच हुकूम केला होता दारावर डकवायचा. बेलीफ गुरव, डकवलंत ना?"

गुरव म्हणजे मी. तालुक्याच्या दिवाणी कोर्टात तेव्हा मी बेलीफ होतो. समन्स घेऊन जायचं, माणूस गाठायचा, कागद हातात द्यायचा, सही घ्यायची आणि शिव्या खाऊन परत यायचं, एवढंच काम. मी पुढं झालो.

"होय साहेब. आठ तारखेला, दोन पंचांसमक्ष, प्रतिवादीच्या शेवटच्या राहत्या घराच्या दर्शनी दारावर."

"मग झालं तर! प्रतिवादी गैरहजर. दावा एकतर्फी चालवा, हुकूमनामा घ्या आणि घरी जा."

मागच्या बाकावरून सुंद्राबाई उठल्या. पन्नाशीच्या, काटकुळ्या, कपाळावर गोंदण. बांगड्या भरायचा धंदा.

"साहेब, ते दार माझंच हाय."

कोर्ट हसलं. गोष्ट खरी होती. सुंद्राबाई कासार वादी, आणि तिचा सख्खा मुलगा मुरलीधर प्रतिवादी. बाप वारलेला. दोन खोल्यांचं घर मायलेकांत सामाईक, त्याची वाटणी मागणारा दावा. मुलगा दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. म्हणजे त्याचं शेवटचं राहतं घर तेच, जिथं वादी राहते. मी समन्स डकवायला गेलो तेव्हा खळ न्यायला विसरलो होतो. बाईंनीच चुलीवर खळ शिजवून दिली. वर "दादा, ह्यो कोपरा सुटतोय बगा," म्हणून स्वतः अंगठ्यानं दाबून धरला. कायद्याच्या नजरेनं त्या क्षणी मुरलीधरला दाव्याची पूर्ण माहिती झाली. तो कुठं का असेना.

"बाई," निमकर साहेब म्हणाले, "तुम्हाला दावा जिंकायचाय की नाही?"

"जिंकीन की. पर आदी कागद त्याच्या हातात पडू द्या."

"कोर्ट म्हणजे हरवलेली माणसं शोधायचं खातं नव्हे. पोलिसात जा."

"गेल्ते. फौजदार म्हनला, सव्वीस वर्साचा बाप्या हाय, आपल्या पायानं गेलाय, आपल्या पायानं यील."

"बरोबरच म्हणाले."

"आलाच न्हाई की."

साहेबांनी फाइल चाळली. "तीन वेळा मुदत दिलीय मी तुम्हाला."

"चवथी द्या. मग तुमी म्हनाल तसं."

"सहा आठवडे," साहेब म्हणाले. "शेवटची मुदत. तेवढ्यात समन्स बजावलं नाही तर दाव्याचा निकाल देईन. आणि तुमच्या बाजूनं देईन, लक्षात ठेवा!"

न्यायाधीशानं एखाद्याला जिंकवण्याची धमकी दिलेली मी आयुष्यात तेवढी एकदाच ऐकली. बाईंचा चेहरा मात्र खरोखरीच पडला. आम्ही सगळे म्हणायचो, बाईचा एखादा स्क्रू ढिला असावा. निमित्त काढून मुजावर वकिलांची थट्टा व्हायची. ते फक्त पान खाऊन हसायचे.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी मला गाठलं.

"दादा, नवा पत्ता हाय."

हे पत्ते ती कुठून आणायची, तेही सांगितलं पाहिजे. जत्रा, उरूस, लग्नघर, सगळीकडं तिची टोपली जायची. बांगड्या भरताना बाईचा हात कासारणीच्या हातात असतो. निम्म्या चढलेल्या, निम्म्या राहिलेल्या, अशा वेळी बाई उठून जाऊ शकत नाही. त्या अडकलेल्या वेळात ही विचारायची: गाव कुठलं? तुमच्याकडं कुणी मुरली म्हणून पोरगा आलाय का? डाव्या भुवईत खोक आहे, गाड्यांचं वेड आहे. शंभरातली एखादी म्हणायची, हो गं, तसला एक बघितलाय. की लगेच मुजावर वकिलांकडून पत्ता दुरुस्तीचा अर्ज, नवं समन्स, आणि पिशवी खांद्याला मारून मी रवाना.

तोवर तीन खेपा झाल्या होत्या. डिसेंबरातल्या पहिल्या खेपेत मला मुरलीधर कासार सापडला, पण तो बासष्ट वर्षांचा निघाला. तरी बिचारा सही करायला तयार होता. म्हणाला, "सरकारी कागद दारात आलाय, त्याला रिकाम्या हातानं कसं घालवायचं?" त्याला समजावता समजावता माझी शेवटची एस. टी. चुकली. फेब्रुवारीतली दुसरी खेप कुंभवड्याची. अहवाल: प्रतिवादी मिळून आला नाही. तिसरी मे महिन्यात एका खाणीवर. तिथं मुरली नावाचा एक मुकादम होता, त्याच्या दोन्ही भुवया शाबूत होत्या आणि मारायला तो दोन्ही हात वापरत होता.

"आता कुठं?" मी विचारलं.

"पिंपळनाक्यावर. पेट्रोलपंप हाय म्हनं. आषाढी अमुशेच्या बाजारात एक बाई सांगत हुती, भुवईत खोक असलेला पोरगा ट्रकावर क्लीनर बगितला म्हून."

"कधी बघितला?"

"ते इचारीस्तवर तिचा दुसरा हात भरून झाला."

मी समन्स पिशवीत टाकलं. ती जाईना.

"दादा, येक सांगू? झोपला आसंल तर उठवून दिऊ नका. चिडतो. जेवल्याव द्या. आन कागद त्याच्या हातात दिऊन लगीच मागं फिरू नका. वाचंस्तवर थांबा."

"बाई, समन्स वाचून कुणी खूश होत नाही."

"तुमी थांबा तर."

पिंपळनाक्याला मी पोचलो तेव्हा पाऊस उघडला होता. पंपावरचा माणूस एका पिवळ्या फडक्यानं दुसरं पिवळं फडकं पुसत होता. मी नाव सांगितलं, भुवई सांगितली.

"मुरली? हां, यायचा की डिझेलला. पण तो इथला न्हवं. घाटाखाली गणपा मिस्त्रीचं गॅरेज आहे, तिथं असायचा. तिथं येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असंल."

"घाटाखाली म्हणजे कुठं?" नाव ओळखीचं वाटलं, तरी मी विचारलं.

"कुंभवडं."

मी म्हणालो, "कुंभवड्यात तो नाही."

"तुम्ही गेलता?"

या प्रश्नाचं सरकारी उत्तर फायलीत होतं. अकरा फेब्रुवारीचा माझा अहवाल: 'समक्ष कुंभवडे मुक्कामी जाऊन गणपा मिस्त्री यांचे गॅरेज व आजूबाजूस कसून चौकशी केली. प्रतिवादी मिळून आला नाही. पंचांच्या सह्या.' अक्षर सुरेख होतं. माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं.

तो अहवाल मी स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये बसून लिहिला होता. कुंभवड्याला जायचं तर एस. टी. घाटमाथ्यापर्यंत, तिथून चार कोस उतरायचं आणि तेवढंच चढायचं. ऊन नव्हतं, आजारी नव्हतो, घरी कुणी अत्यवस्थ नव्हतं. कंटाळा आला. बटाटेवडे तळणाऱ्याची एक सही घेतली, लॉटरीची तिकिटं विकणाऱ्याची दुसरी. आमच्यात त्यात वावगं काही मानत नसत. माझ्या गुरूनं नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, "गुरव, मिळून न येणारा माणूस घरी बसूनसुद्धा तितकाच मिळून येत नाही." अशा रीतीनं वडेवाल्यानं कुंभवडं पाहिलं नाही, लॉटरीवाल्यानं पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही, आणि मुरलीधर तिथं नाही हे मात्र आम्ही तिघांनी मिळून पाहिलं.

त्या दिवशी मी घाट उतरलो.

गॅरेज म्हणजे चार बांबू आणि वर पत्रा. गणपा मिस्त्री एका ट्रकच्या पोटाखाली होता. नुसते पाय दिसत होते. मी पायांना विचारलं, "मुरलीधर कासार इथं असतो का?"

पाय हलायचे थांबले. मग सगळा माणूस बाहेर आला. माझ्या खांद्यावरची पिशवी, खाकी शर्ट, सगळं बघून घेतलं.

"तुम्ही त्याचे कोण?"

"कोर्टाचा बेलीफ. त्याच्या नावानं कागद आहे."

"उशीर केला साहेब," मिस्त्री म्हणाला. "पोरगं गेलं."

"कुठं गेलं?" मी विचारलं. बेलिफाचा प्रश्न. माझी पिशवीतली वही निम्मी बाहेर आली होती, पुढचा पत्ता उतरून घ्यायला.

मिस्त्री माझ्याकडं बघत राहिला. मग मला कळलं.

"काविळीनं. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी. आधी अंगावर काढली. मग झाडपाला केला. डॉक्टर घाटावर, आणि घाट चढायचं त्राण नव्हतं त्याच्यात. गॅरेजात चालती गाडी एकही नव्हती, मी खांद्यावर घालून निम्म्यापर्यंत नेला हो."

"डाव्या भुवईत..."

"खोक होती. लहानपणी काकणाच्या टोपलीत पडलो म्हणायचा."

मी तिथल्या एका टायरवर बसलो. माझ्या तोंडून प्रश्न निघाला तो माझ्या कामाचा नव्हता. म्हणजे कोर्टाच्या कामाचा नव्हता.

"फेब्रुवारीत होता इथं?"

"होता की. ठणठणीत होता. माघात आमच्या देवाचा पालखीसोहळा असतो, त्यात ढोल वाजवला त्यानं. आजार होळीनंतरचा."

"त्याची चौकशी करत कुणी आलं होतं का तेव्हा?"

"नाही बा. कुणीच कधी आलं नाही. मी म्हणायचो, मुरल्या, घरी जाऊन ये एकदा. तर म्हणायचा, माझं कुठं घर? त्यात माझा काडीचा हिस्सा नाही, असं चार माणसांत ऐकून आलोय. बोलावल्याबिगर पाय ठेवायचा नाही. शेवटी शेवटी मी म्हटलं, पत्ता दे, कळवतो. तर भिंतीकडं तोंड करून निजला."

मिस्त्रीची बायको चहा घेऊन आली. कप घेताना मला हातांचं काय करावं कळेना, म्हणून मी पिशवीतून समन्स काढलं. समन्सला दाव्याची नक्कल जोडलेली असते. नऊ वर्षांच्या नोकरीत मी ती नक्कल कधी वाचली नव्हती. पोस्टमननं पत्रं वाचू नयेत आणि बेलिफानं दावे वाचू नयेत, त्यानं चालणं मंदावतं. त्या दिवशी वाचली.

कलम एक, दोन नेहमीचे. घराच्या चतुःसीमा. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस बोळ.

'कलम ३. सदर घरात प्रतिवादीचा निम्मा हिस्सा आहे व तो वादीस पूर्णपणे मान्य आहे. दसऱ्याच्या दिवशी वादीने रागाच्या भरात, प्रतिवादीचा सदर घरात काडीचाही हिस्सा नाही, असे उद्गार चार माणसांसमोर काढले. सदर उद्गार वादी बिनशर्त मागे घेत आहे.

कलम ४. प्रतिवादीने ट्रक घेण्यासाठी घर गहाण टाकण्याची गोष्ट काढली होती. वादी आता त्यास हरकत घेत नाही.

कलम ५. वादीची प्रकृती ठीक आहे. गुडघा दुखायचा थांबला आहे.

कलम ६. वादीस या कामी कसलीही घाई नाही. प्रतिवादीने सवडीने यावे. तारखेसच आले पाहिजे असे नाही.'

खाली मुजावर वकिलांची सही, आणि तिच्या शेजारी अंगठा.

चहा निवून गेला. मी मुदतीचा विचार करत होतो. सगळं कोर्ट जिला वेडी म्हणत होतं, तिला लिहिता येत नव्हतं आणि मुलाचा पत्ता माहीत नव्हता. पत्त्याशिवाय टपालखातं पत्र घेत नाही. पोलीस माणूस शोधत नाहीत. या देशात एकच खातं असं आहे की जे माणूस सापडेपर्यंत कागद घेऊन फिरतं, निदान फिरायचं त्याच्यावर बंधन आहे. मुजावर वकिलांनी ते बरोबर हेरलं होतं. पुढचं त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

ग्रामपंचायतीत जाऊन मी मृत्यूचा दाखला काढला. 'मुरलीधर कासार, वय अंदाजे २६, मूळ गाव माहीत नाही, नातेवाईक माहीत नाहीत.' चार कोस घाट चढलो. मी मनाशी ठरवलं होतं. खरा अहवाल लिहायचा आणि बाईला सगळं सांगायचं. नोकरी जाईल तर जाईल.

अहवाल लिहिला: 'प्रतिवादी मयत. दाखला सोबत.' ठिकाण कुंभवडे, गणपा मिस्त्रीचं गॅरेज. बेंच क्लार्क चौगुल्यांनी तो फायलीला लावला. त्याच्या खालीच माझा फेब्रुवारीतला अहवाल होता, तेच गॅरेज, तोच मिस्त्री. दोन्हींच्या तारखा आणि मरणाची तारीख शेजारी ठेवली असती तर शाळकरी पोरालासुद्धा गणित सुटलं असतं. मी आठ दिवस बोलावण्याची वाट पाहिली. कुणी बोलावलं नाही. बेलिफाचे अहवाल कुणी वाचत नाही, लावतात. पुढं बावीस वर्षं नोकरी करून मी रीतसर निवृत्त झालो. निरोपाच्या समारंभात माझ्या कर्तव्यदक्षतेबद्दल दोघे जण बोलले.

तारखेला पुकारा झाला. बाई सवयीनं उभी राहिली.

"साहेब, आजून थोडी मुदत..."

निमकर साहेब फाइलमध्ये बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. "मुजावर," ते म्हणाले, "तुम्ही सांगा त्यांना."

मुजावर वकील मागच्या बाकापाशी गेले, खाली बसले आणि तिच्याशी हळू बोलले. आम्हाला ऐकू आलं नाही. ती रडली नाही, ओरडली नाही. बाकावर बसली आणि पदर नीट केला.

चौगुले लिहिण्यात गढले होते. प्रतिवादी मेला की पुढं काय विचारायचं ते त्यांना पाठ होतं. त्यांनी विचारलंच.

"मयताचे वारस कोण? रेकॉर्डवर घ्यायला लागतील."

चौगुल्यांनी रकान्यावर बोट ठेवलं.

"बायको, मुलं?"

"लग्न झालं नव्हतं," मुजावर वकील म्हणाले.

"मग दुसरं कोण?"

"मी हाय," सुंद्राबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

चौगुल्यांनी टाक दौतीत बुडवला आणि प्रतिवादीच्या रकान्यात 'सुंद्राबाई' एवढं लिहिलं. मग त्यांचं लक्ष डाव्या रकान्याकडं गेलं. टाक तसाच राहिला, कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"साहेब," ते म्हणाले, "दोन्हीकडं एकच नाव येतंय."

निमकर साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "वादीला स्वतःविरुद्ध दावा चालवता येत नाही. काढून टाका." आणि दुपारचे साडेबारासुद्धा वाजले नव्हते, तरी जेवणाची सुट्टी झाली म्हणून उठले.

व्हरांड्यात ती खांबाला टेकून बसली होती. मी जाऊन शेजारी बसलो. मुजावर वकील जिन्यापाशी पाठमोरे उभे होते.

"तुमी सोता गेल्ता?" तिनं विचारलं.

"होय."

"कोन व्हतं त्याच्यापाशी?"

"मिस्त्री होता. मिस्त्रीची बायको पेज करून घालायची."

"प्याला का?"

"प्यायचा म्हणाली."

"घरी न्हवता पीत. ताट सारायचा." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तिथं कामाला मान हुता का?"

"मिस्त्री म्हणाला, इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगायचा."

"त्ये हाय," ती म्हणाली. "कान तिखट व्हता."

मी तोंड उघडलं. घाट चढताना जुळवलेली वाक्यं सगळी तयार होती. तेवढ्यात तीच म्हणाली:

"दादा, कुंभवडं म्हंजी माघातला पत्ता न्हवं? म्याच दिल्ता तुमास्नी. तवाबी तुमी गेल्ता."

मी तिच्याकडं पाहिलं नाही.

"तवा न्हवता का त्यो तिथं?"

अंगणात टाइपरायटरवाल्यांच्या ओळीत कुणीतरी हसत होतं. एक पक्षकार आपल्या वकिलाला हुडकत धावत गेला.

"नव्हता," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. सावकाश, दोन-तीनदा. माझं म्हणणं तिनं तपासून घेतलं आणि तिला पटलं.

"गाडीव गेला आसंल कुटंतरी. ट्रकवाल्यांचं तसंच. चुकामूक झाली." मग तिनं माझ्याकडं वळून पाहिलं आणि पुढं सरकली. "आन तुमी का रडताय? उगी. तुमी काय कराल? तुमी तर येवढ्या लांब दोन डाव जाऊन आला."

मी तिला अजूनही ते सांगितलेलं नाही. आता सांगायला ती नाही.